२० टनांची कॉइल सपाट ट्रेलरवर: चेन मोजण्याआधी बैठक बघा

प्रश्न असा आहे. हॉट रोल्ड (तापवून लाटलेल्या) पोलादी पट्टीची एकच कॉइल, म्हणजे गुंडाळी, बाहेरचा व्यास १.८ मीटर, पट्टीची रुंदी सव्वा मीटर, मधलं भोक ७६२ मिलिमीटर, कागदावर वजन साधारण २० टन. ट्रेलर सपाट, कॉइलसाठी खाच नाही. भोक आडवं, म्हणजे ट्रेलरच्या डाव्या-उजव्या बाजूला तोंड करून ठेवायचं, पुढे-मागे चार इंची लाकूड खिळ्यांनी ठोकायचं आणि कॉइलच्या वरून चार चेन टाकायच्या. एवढं पुरे का?

पुरे नाही. मोजायला गेलात तर चार चेनचा आकडा कदाचित नियमात बसेल. चूक चेनच्या संख्येत नाही, लाकडात आहे आणि चेन जाते त्या वाटेत आहे. या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय की कॉइलला धरते ती तिची बैठक, म्हणजे तिच्याखालची लाकडं आणि पाचरी. कॉइल त्या बैठकीतून उठू नये, हे बघणं चेनचं काम. बैठक चुकीची असेल तर वर आणखी चार चेन टाकूनही धोका तितकाच राहतो.

आधी वजन स्वतः काढून बघा. बाहेरच्या व्यासाच्या वर्गातून भोकाच्या व्यासाचा वर्ग वजा करायचा, त्याला ०.७८५ ने गुणायचं, मग रुंदीने आणि शेवटी ७८५० ने (एक घनमीटर पोलादाचं किलोतलं वजन) गुणायचं. सगळी मापं मीटरमध्ये. तुमच्या कॉइलचं उत्तर २०,५०० किलोच्या आसपास येतं. कागदावरचा आकडा बरोबर आहे. हा हिशेब मी प्रत्येक वेळी करतो, कारण एकदा कागद एका कॉइलचा आणि डेकवर, म्हणजे ट्रेलरच्या पृष्ठभागावर, आलेली कॉइल दुसरीच, असं माझ्या बाबतीत झालंय. फरक तीन टनांचा होता आणि तो टेपने मोजल्यावरच कळला.

आता जोर किती येतो ते बघू. अमेरिकेचे फेडरल नियम काय किंवा युरोपचं ईएन १२१९५-१ हे मानक काय, रस्त्यावरच्या मालासाठी मूळ आकडे सारखेच आहेत: पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट, मागे आणि बाजूला ०.५ पट. म्हणजे जोरात ब्रेक लागला तर तुमची कॉइल सुमारे १६ टनांच्या जोराने केबिनकडे निघते. वळणावर बाजूला १० टनांचा जोर येतो. हे आकडे डोक्यात असू द्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

गोल वस्तू पाचरीवरून कधी चढून जाते याचं गणित अवघड नाही. कॉइल लाकडाला जिथे टेकते त्या बिंदूपासून कॉइलच्या मध्यापर्यंत एक रेघ कल्पनेत ओढा. ती रेघ उभ्या रेघेपासून जितकी कललेली, तितकी बैठक चांगली. त्या कोनाचा टॅन म्हणजे वजनाच्या किती पट जोर ती बैठक एकटी पेलेल त्याचं उत्तर. ०.५ पट जोरासाठी साडेसव्वीस अंश लागतात, ०.८ पटीसाठी जवळजवळ ३९ अंश.

तुमचं चार इंची लाकूड म्हणजे १० सेंटिमीटर धरू. कॉइलचा तळ डेकपासून २ सेंटिमीटर वर राहील अशी ठेवली, तर कॉइल लाकडाच्या वरच्या कडेला तळापासून ८ सेंटिमीटर उंचीवर टेकते. कॉइलची त्रिज्या ९० सेंटिमीटर. कोन येतो २४ अंश, पेलणारा जोर वजनाच्या ०.४५ पट. जोर येणार १६ टनांचा आणि लाकूड अडवणार ९ टन. हेच लाकूड १.२ मीटर व्यासाच्या कॉइलखाली असतं तर कोन ३० अंशांच्या आसपास गेला असता. म्हणूनच “मी गेल्या खेपेला हेच लाकूड वापरलं होतं, काही झालं नाही” हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, गेल्या खेपेची कॉइल केवढी होती? कॉइल मोठी झाली की तेच लाकूड तिच्यासाठी ठेंगणं होतं.

तुमच्या कॉइलला आडव्या भोकाने ठेवून पुढच्या दिशेचा पूर्ण जोर बैठकीनेच पेलायचा असेल, तर टेकण्याची उंची तळापासून २० सेंटिमीटर हवी, म्हणजे पाचर २२ सेंटिमीटरची, आणि पुढच्या-मागच्या टेकण्याच्या बिंदूंत सुमारे १.१ मीटर अंतर. ढोबळमानाने हे अंतर व्यासाच्या ६० टक्क्यांहून थोडं जास्त येतं. माझ्याकडे कागद-पेन्सिल नसेल तेव्हा मी एवढंच बघतो.

कॉइलचा तळ डेकला टेकता कामा नये, असं नियम सांगतात. हे का, ते फार थोडे लोक सांगतात आणि मला तर हा सगळ्यात मोलाचा मुद्दा वाटतो. कॉइल डेकवर बसली आणि लाकडं नुसती बाजूला सरकवून ठोकली, तर लाकडावर वजन काहीच नाही. ब्रेक लागला की पुढच्या लाकडाला अडवायला फक्त खिळे उरतात, आणि १६ टनांपुढे खिळे म्हणजे काहीच नाही. कॉइल लाकडावर उचललेली असेल तर अख्खे २० टन त्या दोन लाकडांतून खाली जातात. लाकूड वजनाखाली दाबलेलं असतं, त्याला स्वतःचं घर्षण मिळतं, आणि कॉइल पुढे ढकलते तेव्हा वजनही त्याच पुढच्या लाकडावर झुकतं. जोर वाढतो तसं लाकूड अधिक घट्ट बसतं. शिवाय तळाखाली फट दिसत राहिली की बैठक खचली का, हे वाकून एका नजरेत कळतं.

खिळ्यांबद्दल अमेरिकेच्या नियमांचं कलम ३९३.१२० स्पष्ट आहे: लाकूड किंवा पाचर जागेवर धरायला निव्वळ खिळे ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांवर विसंबणं मनाई, आणि खिळ्यांनी जोडलेला लाकडी पाळणाही चालत नाही. हे कलम २,२६८ किलोपासून पुढच्या कॉइलना लागू होतं, मग ती एक असो वा अनेक मिळून. तुम्ही जगात कुठेही गाडी चालवत असा, हा मुद्दा मानाच. लाकडं पोलादी कॉइल रॅकमध्ये बसवा. त्यात पुढचं आणि मागचं लाकूड एकमेकांपासून लांब जाऊ शकत नाही. रॅक नसेल तर दोन्ही पाचरी एकमेकींना पोलादी सळईने किंवा चेनने जोडलेल्या हव्यात, म्हणजे पुढची सरकायला बघेल तेव्हा मागची तिला धरेल.

सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगतो. आडव्या भोकाची कॉइल, ओली लाकडं, खिळे ठोकलेले, आणि ज्यांनी भरून दिली त्यांनी “रोज असंच जातं” म्हणून सांगितलेलं. रस्त्यात एकदा जोरात ब्रेक मारावा लागला, इतकंच. पोचल्यावर चेन सोडताना पुढच्या लाकडावर कॉइलचा ठसा दिसला. तो जिथे असायला हवा होता त्याच्या दोन बोटं वर होता. म्हणजे कॉइल लाकडावर चढली होती आणि परत खाली बसली होती. तेव्हा केबिनमध्ये मी एकटा नव्हतो. तो ठसा मी अजून विसरलेलो नाही, आणि आजही उतरवून झाल्यावर लाकूड उलटसुलट करून बघतो. लाकूड खरं बोलतं.

आता चेन. आडव्या भोकाच्या कॉइलवर वरून टाकलेली चेन तिला थोडी खाली दाबते, बस्स. कॉइल पुढे गडगडायला लागली की ती चेनखालून निसटते, कारण चेन तिला मागे खेचतच नाही. चेन भोकातून जायला हवी. एक जोडी भोकातून निघून दोन्ही बाजूंनी मागच्या अँकरकडे (ट्रेलरवर चेन अडकवायच्या जागेकडे) जाते, ती कॉइलला पुढे जाऊ देत नाही. दुसरी भोकातून पुढच्या अँकरकडे जाते, ती मागे जाण्यापासून धरते. बाजूने पाहिलं तर चेनचा डेकशी कोन शक्यतो ४५ अंशांहून जास्त नको. कोन जितका उभा, तितका चेनचा जोर खाली दाबण्यात जातो आणि खेचण्यात कमी पडतो; ६० अंशांवर चेनच्या ताणाचा निम्माच भाग आडवा उरतो.

एक चूक फार दिसते: डावीकडून पुढे आणि उजवीकडून मागे अशी एकच चेन भोकातून तिरकी ओढायची, दुसरी उलट बाजूने, म्हणजे वरून पाहिलं तर फुली. दिसायला घट्ट दिसते. पण चेन भोकात मोकळी सरकते. कॉइल पुढे हलली की चेनचा पुढचा पाय (भोकापासून अँकरपर्यंतचा भाग) ढिला होतो, मागचा ताणतो, आणि ढिल्या बाजूची लांबी भोकातून मागच्या बाजूला निघून जाते. अडवणं राहिलं बाजूला, चेन कॉइलबरोबर प्रवास करते. आडव्या भोकासाठी ही फुली अमेरिकेच्या नियमांत सरळ मना केली आहे, आणि योग्यच केलं आहे.

ताकदीचा हिशेब असा. सगळ्या चेनची मिळून वर्किंग लोड लिमिट (कामात सुरक्षितपणे पेलायचा भार) मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी, हा त्या नियमातला किमान आकडा. तुमच्यासाठी साधारण १०.२५ टन. तीन-अष्टमांश इंची, ग्रेड ७० ची चेन सुमारे ३ टनांची (ग्रेड म्हणजे चेनच्या ताकदीचा वर्ग). एका बाजूच्या अँकरपासून भोकातून दुसऱ्या बाजूच्या अँकरपर्यंत जाणारी चेन पूर्ण मोजली जाते. तेव्हा चार चेन म्हणजे १२ टन, आकडा बसला. पण आता मघाचा हिशेब आठवा. तुमच्या १० सेंटिमीटर लाकडाने १६ पैकी ९ टन पेलले होते. राहिलेल्या ७ टनांसाठी ४५ अंशांत मागे खेचणाऱ्या चेनच्या सगळ्या पायांत मिळून जवळपास ७ टनांचा ताण यावा लागतो, कारण चेनचा खाली दाबणारा भाग लाकडाची धरही वाढवतो. पाय बाजूलाही पसरलेले असतात, म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्तच. मागे खेचणाऱ्या दोन चेन हे काठावर निभावतील, मी मात्र तीन टाकतो आणि पुढे खेचणाऱ्या दोन. लाकूडही उंच घेतो.

चेनच्या कड्यांवरचा शिक्का बघितल्याशिवाय ती मोजू नका. ७, ७० किंवा ७०० म्हणजे ग्रेड ७०. शिक्काच नसेल तर ती ग्रेड ३० समजायची, आणि त्याच जाडीची ग्रेड ३० ची चेन साधारण १,२०० किलोचीच असते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. अशा चार चेन टाकून बारा टन बांधले असं समजणारा माणूस प्रत्यक्षात पाचच टनांना बांधून निघालेला असतो. युरोपच्या ग्रेड ८० च्या चेनवर टॅग असतो, १० मिलिमीटरच्या चेनवर ६,३०० डेकान्यूटन असं लिहिलेलं सापडेल. डेकान्यूटन जवळपास किलोइतकाच धरायचा. टॅग निघून गेला असेल तर ती चेन बाजूला ठेवा. आणि बाइंडर (चेन ताणून धरणारं साधन), हूक, अँकर यांतलं सगळ्यात कमकुवत जे असेल, तीच त्या चेनची ताकद.

बाइंडर रॅचेटचा घ्या. लिव्हरच्या बाइंडरवर पाइप चढवून ताण देणारे हात मी पाहिलेत आणि लिव्हर उलटून जबडा फुटलेला माणूसही पाहिला आहे. भोकाच्या कडेवर चेन थेट घासू देऊ नका. रबराची नळी किंवा कडेवर बसणारा जाड कोपरा-रक्षक घाला. यात माल घेणाऱ्याची आतली पट्टी वाचते, आणि पट्ट्याने बांधत असाल तर पट्टाही वाचतो, कारण कॉइलची कड सुरीसारखी असते.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत: भोक आडवंच का? भोक लांबीत, म्हणजे केबिनकडे तोंड करून ठेवलं तर गडगडण्याची दिशा बाजूची होते. बाजूला जोर ०.५ पट. त्यासाठी तुमच्या कॉइलला तळापासून साडेनऊ सेंटिमीटर उंचीची टेक लागते, म्हणजे १२ सेंटिमीटरचं लाकूड पुरतं. पुढच्या दिशेने ती गडगडू शकत नाही, फक्त घसरू शकते, आणि घसरणं अडवणं सोपं असतं. अमेरिकेतले ड्रायव्हर आडव्या भोकाच्या पद्धतीला “सुसाइड” म्हणतात. सुटलीच तर ती कुठे येणार, हे त्या एका शब्दात आलं. दोन्ही पद्धती नियमात बसतात. भरणारा आणि उतरवणारा दोघांकडे हूक किंवा फोर्कलिफ्ट कुठून घालायची सोय आहे यावर बरेचदा निर्णय आधीच झालेला असतो, म्हणून भरण्याआधी दोन्हीकडे विचारा. निवड हातात असेल तर सपाट ट्रेलरवर एवढ्या मोठ्या कॉइलसाठी मी लांबीतलंच भोक निवडतो. भोक आकाशाकडे ठेवायची पद्धत लहान रुंदीच्या, पॅलेटवर आलेल्या कॉइलसाठी ठीक. तुमची कॉइल तशी आडवी पाडायला वेगळं यंत्र लागेल, तो विषय इथे सोडू.

लांबीतल्या भोकात सगळा खेळ घर्षणाचा. तेल लागलेल्या पोलादावर पोलाद ठेवलं तर वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी धर मिळणंही मुश्कील. पुढच्या १६ टनांच्या जोरातले २ टन घर्षणाने धरले, १४ टन राहिले. अमेरिकेचे नियम घर्षणाच्या रबर मॅटला तिच्यावरच्या वजनाच्या निम्मी धर मोजू देतात. म्हणजे १० टन मॅटने धरले, फक्त ६ राहिले. एका रबराच्या तुकड्याने ८ टनांचा फरक पडतो, इतकी स्वस्त सुरक्षितता या धंद्यात दुसरी नाही. पण मॅट प्रत्येक थरात हवी: कॉइल आणि लाकूड यांच्यामध्ये आणि लाकूड आणि डेक यांच्यामध्येही. खालीच घातली आणि वर तेलकट कॉइल गुळगुळीत लाकडावर राहिली, तर ती लाकडावरून घसरेल आणि मॅट जागच्या जागी राहील. धूळ, वाळू, पाणी, बर्फ आधी झाडून काढा. वाळूचे कण मॅटखाली बारीक छर्र्यांसारखं काम करतात.

राहिलेल्या ६ टनांसाठी कॉइलच्या पुढे भक्कम अडसर हवा, जो डेकच्या खाचांत किंवा खांबांत अडकलेला असेल. या पद्धतीत भोकातून तिरक्या दोन चेन, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, आणि वरून आडवी किमान एक, असं नियम सांगतात. इथे फुली चालते, कारण तिचं मुख्य काम कॉइलला बैठकीत दाबून धरणं आणि बाजूला न जाऊ देणं आहे. पुढचं घसरणं मॅट आणि अडसर बघतात. केबिनमागच्या हेडबोर्डच्या (ट्रेलरच्या पुढच्या उभ्या भिंतीच्या) भरवशावर कॉइल कधीच सोडू नका. तो २० टनांच्या कॉइलसाठी बनवलेला नसतो.

लांबीतल्या भोकाचा एक खास धोका म्हणजे आतले वेढे दुर्बिणीच्या नळीसारखे पुढे सरकणं. कॉइलभोवतीच्या पोलादी पट्ट्या तुटलेल्या किंवा सैल दिसल्या, तर भरू देऊ नका. त्या पट्ट्या कॉइलला स्वतःच्या आकारात धरतात. कॉइल ट्रेलरवर बांधण्याच्या हिशेबात त्या मोजायच्या नाहीत.

जागेबद्दल थोडक्यात. ट्रेलरची एकूण क्षमता ३० टन असली तरी ते ३० टन पूर्ण लांबीत पसरलेले धरलेले असतात. सव्वा मीटरमध्ये २० टन ठेवायचे तर ट्रेलर बनवणाऱ्याचा एका जागी किती भार चालतो तो तक्ता बघा. लाकडं क्रॉस मेंबरच्या (डेकखालच्या आडव्या तुळयांच्या) वर येऊ द्या, दोन मेंबरच्या मधल्या फळीवर नकोत. आणि कॉइल रुंदीच्या बरोबर मध्यावर. एका बाजूला १० सेंटिमीटर सरकलेली कॉइल गाडी उलटण्याचा उंबरठा आणखी खाली आणते. उंच भरलेला ट्रेलर ०.५ पट जोर यायच्या आधीच उलटू शकतो, तेव्हा वळणावर बांधणी टिकेल पण गाडी टिकणार नाही. उतरत्या वळणाच्या रस्त्याआधी वेग कमी करा, वळणात शिरल्यावर नव्हे.

निघाल्यावर पहिल्या ८० किलोमीटरच्या आत तपासणी आणि मग दर २४० किलोमीटरला किंवा तीन तासांनी, जे आधी येईल ते, असं अमेरिकेचे नियम सांगतात. मी पहिला थांबा १० ते १५ किलोमीटरवरच घेतो. लाकूड पहिल्या काही खड्ड्यांतच दबतं. अर्धा सेंटिमीटर दबलं तरी चेन हाताने हलायला लागते. चेनवर हात मारून आवाज ऐका, कॉइलखालची फट बघा, आणि लाकडाच्या कडेला डेकवर निघतानाच खडूची रेघ मारून ठेवा. रेघ आणि लाकूड यांत अंतर पडलं असेल तर पुढे जाऊ नका. ताण वाढवून भागत नाही, बैठक पुन्हा करावी लागते.

आणि उतरवताना. बहुतेकांचं लक्ष रस्त्यावर असतं, पण कॉइल सुटते ती बरेचदा थांबलेल्या गाडीवर. जमीन सपाट आहे का आधी बघा. प्रवासात बैठक सरकली असेल तर चेन हीच कॉइलला धरून उभी असते आणि तुम्ही बाइंडर उघडता त्या क्षणी ती मोकळी होते. म्हणून उचलणाऱ्या यंत्राने भोकात हूक घालून वजन थोडं घेतल्याशिवाय शेवटची चेन सोडू नका. आडव्या भोकाच्या कॉइलच्या पुढे किंवा मागे उभं राहून बाइंडर उघडू नका, भोकाच्या बाजूला उभे रहा. लांबीतलं भोक असेल तर डेकच्या बाजूला न राहता कॉइलच्या पुढे किंवा मागे. मदतनीस कुठे उभा आहे तेही आधी बघा, आणि मगच हात घाला.